अकरा वाजताचा बिघाड

“चौथी खेप आहे ही तुमची! जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघतो.”

आवाज भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून आला. शिडीवर चढलेल्या नेटवाल्याने दचकून मान वळवली. मुठीएवढा पांढरा गोळा त्याच्याकडेच तोंड करून बसला होता. घरमालक तिकडे ऑफिसात, आणि हातातल्या मोबाइलवर त्याचं घर.

“साहेब, वायर बदलली, राऊटर बदलला. लाइन ठणठणीत आहे.”

“मग रोज अकराला नेट जातं कुठे, फिरायला? तासाभराने बरोबर घरी येतं! तेवढा वेळ घर माझ्या नजरेआड होतं. बायको कुठे जाते, काय करते, काही कळत नाही.”

शेवटचं वाक्य तो हवापाणी सांगावं तसं बोलला. नेटवाल्याला ते खटकलं. पण पाचवी तक्रार गेली की कंपनी त्याला घरी बसवणार होती. पोटापुढे माणूस बहिरा होतो. तोही झाला.

तीन खेपा तो लाइन तपासत आणि राऊटर बदलत राहिला होता. आज त्याने राऊटरमधली नोंद उघडली. काल बारा वाजता राऊटर नव्याने सुरू. परवा बारा वाजता, नव्याने सुरू. म्हणजे नेट जात नव्हतंच. राऊटरची वीज जात होती. बटणाचा बोर्ड खाली, आरामखुर्चीच्या मागे, कपाटाच्या आडोशाला. सॉकेट ढिलं असणार. ते अवजड कपाट एकट्याने कोण हलवतो? त्याने पिशवीतून छोटी बॅटरी काढली आणि कपाटावर, शेजारच्या राऊटरला जोडून टाकली.

“आता वीज गेली तरी चार तास मरण नाही, साहेब.”

“बघू. अकरा वाजून जाईपर्यंत हलायचं नाही तिथून.”

हे बोलणं झालं तेव्हा म्हातारे वडील न्हाणीघरात होते आणि सून मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दोघांनाही काही ऐकू गेलं नाही.

म्हातारे काठी टेकत बाहेर आले, आरामखुर्चीत बसले. तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचे डोळे गेले होते. चार हातांपलीकडचं सगळं धुकं.

“नेटवाले ना? चपलेच्या आवाजावरून ओळखलं. किती वाजले हो?”

“अकराच, आजोबा.”

म्हाताऱ्यांनी बसल्या बसल्या काठीचं टोक खुर्चीमागे नेलं. खट्.

खुर्चीमागचं बटण बंद झालं होतं. चार खेपा, दोन राऊटर, वरच्यांच्या शिव्या. आणि चोर समोर बसून हसतोय!

“आजोबा, तुम्ही?”

“मीच. आता मोकळेपणी बोला, ते भूत झोपलं.” त्यांनी भिंतीकडे काठी दाखवली. “भिंतीला कान असतात म्हणायचे. आमच्या चिरंजीवांनी डोळे आणि तोंडसुद्धा बसवलंय. सून खिडकीत दोन मिनिटं उभी राहिली की वरून खेकसतो. संध्याकाळी तिचा फोन तपासतो. मग हात उचलतो.”

“आणि तुम्ही काही बोलत नाही त्याला?”

“बोललो होतो ना. एकदाच.”

त्यांनी बाही वर सारली. मनगटाचं हाड वाकडं सांधलं गेलं होतं.

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

“पहिले आठ दिवस सूनबाईलाही वाटलं, नेट आपोआपच जातंय,” म्हातारे म्हणाले. “नशीब समजून ती खाली शेजारणीकडे जायची. तिच्या फोनवरून नोकरी शोधली पोरीने. मिळाली. सोमवारी अकराला ती या घरातून जातेय. कुठे, ते मलाही सांगू नकोस म्हटलंय. उरलेलं मनगट मोडलं तर माझ्या तोंडून निघायला नको.” त्यांनी हात जोडले. एक सरळ, एक तिरपा. “आज शुक्रवार. सोमवारपर्यंत तेवढं दुरुस्त करू नका. पाया पडतो तुमच्या.”

“अहो, पाया काय पडताय! नाही करत, आजोबा. शब्द देतो. खुशाल माझी तक्रार होऊ दे…”

आतून सून आली. रोजच्यासारख्या चपला हातात, पदर खोचलेला. रोजच्यासारखी आधी तिची नजर कपाटावर गेली. रोज तिथे अंधार असायचा.

आज राऊटरचे चार हिरवे दिवे जळत होते.

चपला खाली पडल्या.

“काय पडलं गं?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

ती नुसती वर बघत राहिली. तिची नजर कुठे लागलीय ते नेटवाल्याने पाहिलं आणि त्याला आपली बॅटरी आठवली. तो शिडीकडे धावला. एका पायरीवर त्याचा पाय पडला असेल नसेल, भिंतीवर कुर्र झालं. पांढऱ्या गोळ्याने सावकाश मान फिरवली. आधी म्हाताऱ्यांच्या जोडलेल्या हातांकडे. मग सुनेकडे. मग खाली, चपलांकडे.

“वा, नेटवाले,” कॅमेरा म्हणाला. “काम चोख झालंय. आज शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.”