जावयाचं घराणं

ओहायोत जंगल तोडून 'पहिलं' घर बांधणाऱ्या एबनेझर प्रुएटचा वंशवृक्ष लोरेटाबाईंनी वीस वर्षं खपून जुळवला होता. एकच फांदी अर्धी राहिली होती. नवव्या वर्षी शॉनी आदिवासींनी पळवून नेलेली त्याची लेक, केझाया. घराण्याच्या मेळाव्यात दरवर्षी सगळे तिच्यासाठी दोन मिनिटं हळहळत आणि मग मक्याच्या कणसांवर तुटून पडत.

आज त्या फांदीचं टोक ओक्लाहोमाहून स्वतःच आलं. वेंडेल नावाचा एक शॉनी गृहस्थ, काखेत कागदांची चळत आणि हातात स्वतःच्या आईच्या अस्थी. केझायाने शॉनी नवरा केला, तिला सात मुलं झाली आणि भाऊ न्यायला आले तेव्हा ती लपून बसली. सगळं पुराव्यानिशी.

"म्हणजे आपण नातलगच की हो!" लोरेटाबाईंचे डोळे भरून आले.

"मग ताई, आईला प्रुएटांच्या दफनभूमीत जागा मिळेल? तिला याच नदीकाठी यायचं होतं."

"मिळेल म्हणजे काय, हक्कच आहे!" बाईंनी अर्ज भरायला घेतला आणि त्यांचा हात थांबला. "फक्त एक आहे. लेकीच्या वंशजांना जावयाचं घराणं इथे कोणत्या साली आलं, ते लिहावं लागतं."

"आलं कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. प्रुएटांनी इथून हाकललं, ते साल आहे. चालेल?"

लोरेटाबाईंनी अर्ज मागून-पुढून अगदी प्रामाणिकपणे तपासला.

"त्याला रकाना नाही हो," त्या म्हणाल्या.