गुरुवारचा पेपर

जळगावहून पारोळ्याला रोज अप-डाऊन करणाऱ्या पाच जणांत मिळून एकच पेपर असायचा. ज्याचा वार असेल त्याने तो घ्यायचा. गुरुवार सुलक्षणाताईंचा होता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या गुरुवारी त्यांनी पेपर घेतला आणि स्टँडवर येऊन बसच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

“अरे, अक्का! घरी करमत नाही वाटतं?” आतून योगेंद्र हसला.

“गुरुवार ना आज.” त्यांनी पेपर आत दिला.

“तुमचा वार आम्ही नव्या मॅडमला देऊन टाकला. पण असू द्या.” त्याने पेपर न उघडताच समोरच्या रिकाम्या सीटवर ठेवला.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ तिथे बसायला वाकले. “भाऊ, आठे कोनी शे का?”

“हो आबा, पेपर दिसत नाही का? आमचं माणूस येतंय.”

आमचं माणूस. सुलक्षणाताईंनी पर्स खांद्यावर नीट घेतली. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतंच; पारोळ्याला जाऊन दुपारच्या गाडीने परत येता आलं असतं. त्या भराभर दाराशी गेल्या आणि पायरीवर पाय ठेवला.

आत योगेंद्र फोनवर बोलत होता. “दिपमाला मॅडम, सावकाश या. पिंप्राळ्याच्या स्टॉपवर उभ्या राहा. तुमची जागा धरलीय.”

“चढताय ना ताई?” मागून कंडक्टरने विचारलं.

“नाही हो,” त्या पाय खाली घेत म्हणाल्या, “पेपर द्यायला आले होते.”