पांढरी दुपटी

फ्यूमे बंदराच्या खाडीत पाण्याखालून सुटणाऱ्या टॉर्पेडोची चाचणी असली, की टॉर्पेडोच्या कारखान्याच्या धक्क्यावर लाल निशाण चढे. पांढरं दिसलं, की कोळ्यांनी जाळी काढायला जावं. त्या सकाळी वारा पडला होता, लाल निशाण काठीला चिकटलेलं, आणि धक्क्यालगतच्या आमच्या गच्चीत मी तान्हीची पांढरी दुपटी वाळत घातली. “अगं, दुपटी बघून झ्वाने निघाला!” सासूबाई किंचाळल्या. तोवर पाण्यावर बुडबुड्यांची रेघ धावत होती, आणि माझा नवरा झ्वाने होडी वल्हवत तिच्याच वाटेत शिरत होता. चाचणीच्या टॉर्पेडोत स्फोटाची दारू नसली, तरी ते लोखंड होडी चिरतं. लेकीला कडेवर आवळून मी वेड्यासारखा हात हलवला. त्याने वल्ही थांबवली. रेघ होडीच्या नाकासमोरून गेली. “काय गं, पोरीला बरं नाही?” तो ओरडला. “पोर ठणठणीत आहे, गाढवा, मागे फिर!” म्हणत सासूबाई दोरीवरची दुपटी ओढून काढू लागल्या.