हाताखालचा माणूस

फोन पुंजाराममामांसाठीच होता. मालक लग्नाला निफाडला गेले होते म्हणून समर्थने उचलला, आणि पलीकडची बाई “व्हिसा कार्यालयातून बोलतेय” म्हणाली तसं त्याने हातातलं काम खाली ठेवलं. चौदा महिने तो या फोनची वाट बघत होता. रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाइलवर अर्ज बघायचा आणि तेच वाक्य वाचायचं: प्रक्रिया सुरू आहे. सातपूरच्या त्या वर्कशॉपमध्ये त्याचं नावच ‘ऑस्ट्रेलिया’ पडलं होतं.

बाईंना मात्र त्याच्याशी बोलायचं नव्हतं. अनुभवपत्रात लिहिलेले पुंजाराम हवे होते.

नुसता टर्नर, लेथवरचा कारागीर, म्हटलं तर व्हिसाचे गुण कमी पडतात, हाताखाली माणसं दाखवा, असं एजंट म्हणाला होता. समर्थने अनुभवपत्रात आपल्या हाताखालची म्हणून चार नावं टाइप करून घेतली. पहिलंच मामांचं. मालकांनी न वाचता सही ठोकली. मामांना सांगायला चौदा महिने होते, पण तेवढं काही त्याला जमलं नाही.

मामांनी लेथ बंद केला, चिंधीला हात पुसले आणि आले. मशीनच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर टाकावा लागला.

“तुम्ही समर्थ यांच्या हाताखाली काम करता ना?”

मामांनी समर्थकडे पाहिलं. आयटीआयमधून आला तेव्हा याला टूलला धार लावता येत नव्हती. दोन वर्षं याचा एकेक जॉब, लेथवर कातलेला एकेक तुकडा, मामांनी बोट फिरवून बघितला होता, आणि बरेचसे भंगारात फेकले होते. समर्थने मान खाली घातली.

“हो मॅडम,” मामा म्हणाले. “करतो.”

“किती वर्षं?”

मामा थांबले. समर्थने चार बोटं वर केली. ती वर करताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चार.”

“तुमचं काम कोण तपासतं?”

“तेच तपासतात.” एवढी वर्षं तो त्यांच्यासाठी ‘तो’ होता. “लय चांगले हायेत. रागवत नाय कधी.”

बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

“मामा, मी सांगणारच होतो...”

“राहू दे.”

मामा लेथवर गेले. मशीन सुरू झालं. समर्थ तिथेच उभा राहिला. मामांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. त्याला स्वतःची किळस आली होती. आणि तरीही, काम झालं, हेही मनात येऊन गेलंच.

अर्ध्या तासाने मामा आले. हातात नुकताच उतरवलेला जॉब होता, अजून गरम. तो त्यांनी समर्थपुढे ठेवला आणि मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला.

“घे. तपास.”

“मामा, नका ना असं करू.”

“तपास. मॅडमला शब्द दिलाय मी. या वयात खोटं नाय पडायचं मला.”

समर्थने मायक्रोमीटर लावला. डोळे भरून आले होते, त्याला रेघा दिसेनात.

मामा हात मागे बांधून उभे होते.

“मापात हाय का?” त्यांनी विचारलं.