बरगडीतला तुकडा

हाडं एकशे चौऱ्याण्णव. दात सत्तावीस. तांब्याचं बटण एक. आणि डाव्या पाचव्या बरगडीत रुतलेला, गंज चढलेला पोलादाचा तुकडा. लांबी नऊ मिलिमीटर.

मिएनने वहीत नोंद केली. रस्ता रुंद होणार म्हणून गावची स्मशानभूमी हलत होती आणि आजोबांना तेहतीस वर्षांनी वर काढलं होतं. सुगंधी पाण्याने धुतलेली हाडं उद्या पहाटे रांजणात घालून नव्या जागी पुरायची.

"जुळली का मोजदाद?" थोआआजीने विचारलं. ती सुपारी कातरत होती. सुरीचं टोक कधीचं मोडलेलं, पण धार अजून तशीच. डावं मनगट वाकडं होतं. कधीतरी मोडून, नीट न जुळलेलं.

"बारा हाडं कमी आहेत. पण आजी, हे बघ. बॉम्बचा तुकडा!"

आजीने पाहिलं. मग पुढची सुपारी घेतली.

युद्धात अमेरिकी बॉम्ब पडले त्या रात्री आजोबांचा पहारा पुलावर होता. सापडले ते घरामागच्या शेतात. त्या दिवशी गावाला सतरा माणसं पुरायची होती. त्यांचा धाकटा भाऊ बान याने आजोबांना उजाडायच्या आत पुरून टाकलं. गावच्या समितीने लिहिलं, 'पहारा सोडून पळाला.' शहिदांच्या शिळेवर नाव लागलं नाही. मिएनचे वडील शाळेत 'पळपुट्याचा' म्हणून मार खात, आणि मिएननेही तो शब्द ऐकला होता. पण माणूस पुलावर जखमी होऊन घराकडे येताना पडला असेल, तर? सोमवारी समितीची बैठक होती. मिएनला बसवत नव्हतं.

ती तडक बानच्या लोहारकामाच्या भट्टीवर गेली.

"हनोईत पाच वर्षं पोलाद शिकलीस," म्हातारा हसला, "आणि ठिणगी बघायला शेवटी या अडाण्याकडेच आलीस ना!"

"यंत्र हनोईत आहे, बानआजोबा. तुमचे डोळे इथे आहेत."

तुकडा पाहून त्याचं हसू मावळलं. त्याने ग्राइंडर ओढत दारात, उन्हात आणला.

"ठिणगी अंधारात वाचायची, असं तुम्हीच शिकवलंत मला."

"आत डास चावतात."

बॉम्बच्या पोलादाची ठिणगी लांब, पिवळी, टोकाला फुलते. ट्रकच्या स्प्रिंगची, म्हणजे कमानपाट्याची, आखूड, लालसर. त्यातलं सिलिकॉन तिला फुलू देत नाही. हे मिएन सातव्या वर्षी याच भट्टीत शिकली होती. आज उन्हात तिला काहीच दिसेना.

"बॉम्ब," बान म्हणाला. "थांब, पुन्हा बघतो." त्याने तुकडा चाकाला लावला. मग आणखी एकदा. आणखी एकदा.

मिएनने त्याचा हात धरला. "अहो, पुरे! उरू द्या काहीतरी!"

चार मिलिमीटर उरला होता.

"बॉम्बच आहे. लिही तसं. माझ्या शब्दावर अख्खं गाव पोलाद घेतं."

"समितीला शब्द नको, आकडा हवा. तुलनेला दोन्ही पोलादं तपासून ठेवते, म्हणजे कुणी तोंड उघडणार नाही. बॉम्बचं तुमच्या भंगाराच्या ढिगातून नेते. जुन्या कमानपाट्याचं काही आहे?"

"नाही."

"असं कसं? तुम्हीच तर सांगत असता, तेव्हा सगळं गाव बॉम्बच्या पोलादाची अवजारं ठोकायचं, आणि नदीत रुतलेल्या रशियन ट्रकचा तुटका पाटा तुम्हाला एकट्याला मिळाला. त्यातून एकच सुरी निघाली म्हणून."

"गेली कुठेतरी. तेहतीस वर्षं कोण सांभाळतंय?"

"मी," मागून आवाज आला.

थोआआजी धापा टाकत उभी होती. तिने सुपारीची सुरी मुठीकडून पुढे केली. "मला दिली होतीस ना तू. विसरलास?"

"वहिनी!" बान ओरडला. मग खाली पाहत म्हणाला, "सुपारी कशाने कातरणार?"

"चावायला दात कुठे उरलेत?" आजीने सुरी फडक्यात गुंडाळून मिएनच्या हाती दिली. "नीट मोज, पोरी. तुझं मोजणं चुकत नाही."

"बघच आजी, सोमवारी आजोबांचं नाव शिळेवर लागेल."

आजीने तिच्या गालावरून हात फिरवला. बानने ग्राइंडर बंद केला. चाक बराच वेळ फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी रांजण पुरला आणि मिएन पहिल्या बसने हनोईला गेली. प्रयोगशाळेत तिने आधी मथळा लिहून टाकला: 'शहीद म्हणून नोंद होण्यासाठी पुरावा'. मग तिन्ही नमुने घासून स्वच्छ केले आणि एकेक करून यंत्राखाली ठेवले. शेवटचा तीनदा ठेवला.

बॉम्बचं पोलाद: सिलिकॉन ०.२३ टक्के.

आजीची सुरी: १.८४ टक्के.

बरगडीतला तुकडा: १.८४ टक्के.