कढत पाणी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: चीनमधली एक शाळा, भर उन्हाळा, आणि नाशिकहून तिथे इंग्रजी शिकवायला गेलेल्या मृदुलाबाई. त्यांचा घसा बसलेला. बर्फाचं पाणी भरून आणलेली स्टीलची बाटली त्यांनी तोंडाला लावली आणि जीभ पोळली. आत कढत पाणी! वर्ग खिदळला.

"आजही?" बाई कडाडल्या. "रोज माझं गार पाणी कोण ओतून देतंय? परकी बाई म्हणून चेष्टा करता माझी?"

पहिल्या बाकावरची मेइलिन उभी राहिली. "मी, टीचर. आमच्याकडे आजारी माणसाला गार पाणी देत नाहीत. तुमचा आवाज गेला तर आम्हाला शिकवणार कोण?"

"मला अक्कल शिकवतेस?" बाईंनी पाणी कोपऱ्यातल्या बादलीत ओतलं आणि बाटली जमिनीवर आपटली. त्या आणखी ओरडायला गेल्या, पण घशातून नुसती हवा आली.

मेइलिनने डोळे पुसले, बाटली उचलली आणि ती व्हरांड्यातल्या गरम पाण्याच्या नळाकडे गेली. परत आल्यावर मात्र तिने बाटली लगेच दिली नाही. झाकणात थोडं पाणी ओतून ती बाईंच्या टेबलापाशी फुंकर घालत उभी राहिली.