इस्त्री लागली

गेल्याच आठवड्यात सोळा वर्षांच्या ठिणगीने उलटलेल्या बसचा लोखंडी दरवाजा तळहातांच्या धगीने वितळवून सगळ्या प्रवाशांना बाहेर काढलं होतं. ते नाव तिला लोकांनीच दिलं. तिचा फोटो दवाखान्याच्या भिंतीवरही लागला होता. आज त्याच फोटोखाली ती मान खाली घालून बसली होती, आणि डॉक्टरबाई तिच्या आईचं मनगट तपासत होत्या. “कशानं भाजलं?” “इस्त्री लागली,” आई म्हणाली. कातडीवर पाच बोटं लख्ख उमटली होती. “इस्त्री नाही, मी,” ठिणगी म्हणाली. “हिनं सहलीला नको म्हटलं, म्हणून रागानं हात धरला.” “हळू बोल, लोक ऐकतील,” आई कुजबुजली. डॉक्टरबाईंनी मलमाची डबी मुलीपुढे धरली. “मग तूच लाव.” ठिणगीने हात पाठीमागे लपवले. आईने आपणहून मनगट पुढे केलं. पण ते थरथरत होतं, आणि ते मायलेकी दोघींनाही दिसलं.